नाशिकची द्राक्षशेती अडचणीत का आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर निफाड तालुक्यातलं. जानेवारी उजाडला की मुंबई-पुण्याचे पाहुणे फोन करतात, पेटी मागतात आणि त्यासोबत चार प्रश्न विचारतात. यंदा माल कमी का? एवढा भाव असून शेतकरी रडतो का? बागा तोडतायत म्हणे, खरं का? त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं बागेत उभं राहून दिली आहेत, त्यामुळे काही लांबली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत.

द्राक्षबाग वर्षभर नेमकं काय मागते?

आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि माल एकदाच घेतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते. ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या जाड फांदीवर, डोळे (कोंब) राखून बाकी सगळं खरडून काढायचं. त्यातून नवी फूट येते, तिची काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच काडीवर गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, करायची आणि डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांत माल तयार होतो.

मधल्या काळात फेलफूट (नको असलेली फूट) काढणं, शेंडा मारणं, जिबरेलिकचं डिपिंग (मणी फुगावा म्हणून घड संजीवकात बुडवणं), विरळणी (घडातले जादा मणी काढणं), घडाला पेपर लावणं, आणि या सगळ्याच्या आतबाहेर फवारण्या. कांदा लावला तर दोन दिवस गावाला जाता येतं. फुलोऱ्यात असलेली बाग सोडून माणूस सख्ख्या भावाच्या लग्नालाही निवांत बसत नाही.

पावसाचं एवढं भय का? पाऊस तर सगळ्याच पिकांना लागतो.

द्राक्षाला पाणी मुळाशी लागतं आणि ते ड्रिपनं मोजून दिलेलं असतं. वरून आलेलं पाणी ज्या अवस्थेत येईल, त्याप्रमाणे वेगळं नुकसान करतं. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण “अवकाळीने नुकसान” या दोन शब्दांत बातमी संपते आणि आत काय झालं ते कुणाला कळत नाही.

सगळ्यात न दिसणारं नुकसान उन्हाळ्यात होतं. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या डोळ्यात पुढच्या मालाचा सूक्ष्म घड तयार होत असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. त्या दिवसांत त्याला ऊन लागतं आणि वेलीला थोडा पाण्याचा ताण लागतो. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि २६ मे रोजी मॉन्सून मुंबईत पोहोचलासुद्धा. आभाळ उघडायला तयार नव्हतं. ज्या पंधरवड्यात पानांना कडक ऊन हवं होतं त्या पंधरवड्यात बागेत चिखल होता. वेल हिरवीगार, फूट जोमदार, बाहेरून बघणारा म्हणेल काय झकास बाग आहे! पुढे गोडी छाटणी केली, डोळे फुटले, आणि घडाच्या जागी बाळ्या निघाल्या. बाळी म्हणजे वेलीला आधाराला फुटणारा तो कुरळा तंतू. ज्या काडीवर दोन घड मोजायचे तिथे एक गोळी घड, म्हणजे खुरटलेला बारीक घड, तोही पुढे जिरून गेलेला. मे महिन्यात झालेलं नुकसान शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये कळतं. तोवर त्याने पेस्ट, मजुरी, खतं सगळा खर्च करून ठेवलेला असतो.

गोडी छाटणीनंतर पाऊस आला तर पहिली भीती डाऊनीची, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाची. पान काही तास ओलं राहिलं तरी ती पसरते, आणि पानावरून घडावर उतरली की तो घड गेला. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि कूज. सकाळी वेलीखाली उभं राहून घड हलकेच हलवला की बाजरीएवढे मणी हातावर पडतात, तेव्हा पोटात गोळा येतो. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाच्या वेळी असंच झालं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पाऊस थांबेना, ट्रॅक्टर बागेत शिरेना, पाठीवर पंप घेऊन माणसं चिखलातून औषध मारत होती.

मण्यात पाणी उतरल्यावर, साखर भरायला लागल्यावर आलेला पाऊस तर एका रात्रीत काम संपवतो. मणी तडकतो, एका तडकलेल्या मण्याचा रस शेजारच्या चार मण्यांवर येतो, माश्या बसतात, चौथ्या दिवशी आंबट वास सुटतो. निर्यातीचा घड होता, तो आता कुणी फुकटही नेत नाही.

आणि गारपीट. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरी भागात गारा पडल्या. त्याआधी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर राज्यभर झोडपून काढलं होतं. गारेने घड जातो तो जातोच, पण पानं फाटतात, काडीला जखमा होतात, म्हणजे पुढच्या हंगामाच्या काडीलाही तडाखा बसतो.

थंडी तर द्राक्षाला चांगली ना?

थोडी चांगली, निफाडची नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी तुम्ही दर एक-दोन हिवाळ्यांत वाचत असाल. गव्हाला ती थंडी मानवते. द्राक्षाची मात्र त्या थंडीत फुगवण थांबते, पक्व होत आलेल्या मालाला तडे जातात, पांढऱ्या जातींत मणी गुलाबी पडतात. त्या गुलाबी मण्यांना आम्ही पिंक बेरी म्हणतो. परदेशी ग्राहक हिरवा घड मागतो, त्याला तो चालत नाही.

म्हणून डिसेंबरात घडाला पेपर लावतात. जुनी वर्तमानपत्रं रद्दीच्या भावाने आणायची, एकेक पान घडाभोवती गुंडाळायचं, स्टेपलर मारायचा. एकरभर बागेत असे हजारो घड. पहाटे तीन-चारला उठून ड्रिप सोडायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. त्या रात्री गावात कुणी झोपत नाही. बॅटऱ्यांचे उजेड आणि धूर, एवढंच दिसतं.

प्लास्टिकचं आच्छादन का घालत नाहीत?

घातलं की फरक पडतो, हे ज्यांनी घातलं त्यांच्या बागेत दिसतं. पान कोरडं राहतं, डाऊनी आवरते, फवारण्या कमी होतात, अवकाळीला झोप लागते. अडचण पैशाची. सांगाडा आणि कापड धरून एकरी खर्च पाच लाखांच्या घरात जातो. राज्य सरकारने निम्म्या अनुदानाची योजना आणली, पण ती प्रायोगिक आणि थोड्या क्षेत्रापुरती. शिवाय अनुदान मागाहून येतं, आधी पूर्ण रक्कम स्वतः घालावी लागते. ज्याचे दोन हंगाम पाण्यात गेलेत त्याने पाच लाख कुठून आणायचे?

वादळात कापड फाटतं, आत उष्णता वाढते, त्याची सवय करून घ्यावी लागते, हेही खरं. तरी माझं स्पष्ट मत आहे की सरकारने द्राक्षासाठी एकच गोष्ट करायची ठरवली तर ती ही करावी. नुकसानीनंतर वाटलेल्या मदतीपेक्षा नुकसान होण्याआधी बागेवर घातलेलं छप्पर स्वस्त पडेल.

फळपीक विमा आहे ना? मग भरपाई का मिळत नाही?

द्राक्षाला हवामानावर आधारित विमा आहे. त्यात पंचनामा करून तुमच्या बागेचं नुकसान मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरावीक काळात ठरावीक पाऊस किंवा ठरावीक किमान तापमान नोंदलं गेलं तर पैसे लागू होतात. गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो.

केंद्र तुमच्या बागेपासून आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं. अवकाळी पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही, हे आपण सगळे बघतो. तुमच्याकडे ढगफुटी झाली आणि केंद्रावर भुरभुर, तर विम्याच्या लेखी काही घडलेलंच नाही. मे महिन्यातल्या ढगाळ हवेने जिरलेले घड तर कोणत्याच आकड्यात बसत नाहीत. तरीही विमा काढा. मुदत ऑक्टोबरच्या सुमाराला, ऐन छाटणीच्या धांदलीत संपते, म्हणून कागद आधीच तयार ठेवा. सातबाऱ्यावर द्राक्षाची पीकपाहणी नोंदवलेली आहे का तेही बघून घ्या. बरेच दावे तिथेच अडकतात.

रेसिड्यूची भानगड काय आहे?

रेसिड्यू म्हणजे औषधाचा फळात राहिलेला अंश. युरोपात प्रत्येक औषधाची मर्यादा ठरलेली असते, तिला एमआरएल म्हणतात. त्याच्या वर एक कण सापडला की कंटेनर अडला.

हे आम्ही २०१० साली शिकलो, फार महागात. वेलीची अनावश्यक वाढ रोखायला लिहोसिन वापरायचे, त्यातला घटक क्लोरमेक्वाट क्लोराइड. आपल्याकडे तेव्हा तपासणीच्या यादीत तो नव्हता. माल तपासून, प्रमाणपत्र घेऊन रवाना झाला आणि युरोपातल्या प्रयोगशाळेत तो घटक मर्यादेपेक्षा जास्त निघाला. कंटेनर अडकले, निर्यातदार बुडाले, त्यांनी शेतकऱ्यांचे पैसे थांबवले. ज्याने मे महिन्यात दुकानदाराच्या सल्ल्याने एक औषध मारलं होतं, त्याला पुढच्या एप्रिलात कळलं की आपली बाग नापास झाली.

त्यानंतर व्यवस्था कडक झाली, आणि ती झाली ते बरंच झालं. निर्यातीच्या बागेची कृषी विभागाकडे दरवर्षी नोंदणी होते, अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर प्लॉटची माहिती जाते, काढणीआधी बागेतून नमुना घेऊन तपासला जातो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथून शिफारशीच्या औषधांची यादी येते आणि कोणतं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं तेही त्यात असतं. फवारणीची वही रोज लिहा. माझे वडील ही वही देवाच्या फडताळात ठेवतात, इतकी ती जपतात.

पेच असा की पाऊस जेव्हा वाढतो तेव्हा औषध जास्त मारावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच मर्यादा आड येते. काढणीला पंचवीस दिवस राहिलेत, आभाळ भरून आलंय, डाऊनीचे डाग दिसतायत आणि हातातलं चांगलं औषध मारलं तर रेसिड्यू येणार. अशा वेळी दोन्ही निर्णय चुकीचे ठरू शकतात.

मग आम्ही बाजारातून घेतो ती द्राक्षं खावीत का?

खावीत. आम्ही घरी तीच खातो. मण्यावर दिसणारी पांढुरकी झाक ही बहुतेक वेळा फळाची स्वतःची मेणासारखी लव असते. घड ताजा असल्याची ती खूण आहे, ती औषधाची पावडर समजून लोक घासत बसतात. औषधाचे डाग असतील तर ते ठिपक्याठिपक्यांचे, वाळलेल्या थेंबासारखे दिसतात. घड वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, थोडा वेळ पाण्यात ठेवा आणि मग खा. देशी बाजारातल्या मालाची निर्यातीसारखी काटेकोर तपासणी होत नाही, ती व्हायला हवी. आपल्या लेकरांच्या ताटातला घड युरोपातल्या ताटातल्या घडापेक्षा कमी तपासलेला का असावा, याचं उत्तर मला सापडत नाही.

बाजारात द्राक्षं शंभर-दीडशेने मिळतात. शेतकऱ्याला काय मिळतं?

हिशोब सोपा आहे. एकरी खर्च आजकाल तीन लाखांच्या पुढे जातो. एकरी दहा टन माल धरला तर किलोला तीस रुपये नुसता खर्च. म्हणजे बागेवर तिसाचा भाव लागला तर घरच्या माणसांची वर्षाची मेहनत फुकट. आणि तेही दहा टन निघाले तर. घड जिरलेल्या वर्षी चार टन निघतात, खर्च मात्र तेवढाच असतो.

व्यापारी पैसे बुडवतात, हे नेहमी का ऐकू येतं?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पावसापुढे माणूस हतबल असतो, पण हे माणसांनी माणसांना केलेलं नुकसान आहे.

द्राक्षाचा सौदा बागेत जाग्यावर होतो. व्यापारी येतो, घड हातात घेतो, मणी चाखतो, साखर बघतो, भाव ठरतो. थोडा विसार देतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीचे अर्धे रोख, अर्ध्याचा चेक. बाग निम्मी रिकामी झाली की “भाव पडला, वरून पार्टीनं पैसे सोडले नाहीत, आठ दिवसांत देतो” सुरू होतं. शेतकऱ्याला थांबता येत नाही. तयार घड वेलीवर धरून ठेवला तर वजन घटतं, तडे जातात, आणि अर्धवट तोडलेली बाग दुसरा व्यापारी घेत नाही. हे त्याला पक्कं माहीत असतं.

आमच्याकडेही एका वर्षी झालं. शेवटच्या दोन गाड्यांचे पैसे राहिले. माणूस रोज फोन उचलायचा, गोड बोलायचा, दादा-दादा करायचा. मग एक दिवस फोन बंद. त्याच्या गाळ्यावर गेलो तर कुलूप, आणि कुलपासमोर आमच्यासारखेच सात-आठ जण. आईने त्या पैशांवर बहिणीच्या बाळंतपणाचा खर्च धरला होता. चेक होता, तो वटला नाही. कोर्टात गेलो. तारखेला जायचा दिवस म्हणजे फवारणी चुकलेला दिवस.

जुलै २०१६ मध्ये राज्यात फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला. बाजार समितीच्या आवाराबाहेर समितीचं नियंत्रण राहिलं नाही. शेतकऱ्याला कुठेही विकायचं स्वातंत्र्य मिळालं, ते चांगलंच. पण बागेत येणारा कोण, त्याची पत काय, याची खात्री करणारी यंत्रणा त्या जागी उभी राहिली नाही. फसवणूक आधीही होत होती, आता दाद मागायला पोलीस ठाणं आणि कोर्ट एवढंच उरलं. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी मोहीम काढली तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे व्यापाऱ्यांकडून परत आले. धाक बसला की पैसे निघतात, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. मग तो धाक एका अधिकाऱ्याच्या बदलीसोबत का जावा? बाहेरून येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची नोंदणी आणि अनामत रक्कम बंधनकारक करा, ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे.

तोवर आपल्या हातात एवढंच: सौदापावती लिहून घ्या, त्यावर भाव, वजनाची पद्धत आणि पैसे देण्याची तारीख असू द्या. आधार कार्डाची प्रत घ्या, पण त्यावर विसंबू नका. गाळा कुठे आहे ते जाऊन बघा. मागच्या वर्षी त्याने कुणाकडून माल घेतला ते विचारा आणि त्या माणसाला फोन करा. आणि मागच्या गाडीचे पैसे खात्यावर आल्याशिवाय पुढची गाडी भरू देऊ नका. पाच रुपये कमी देणारा ओळखीचा माणूस पाच रुपये जास्त बोलणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा परवडतो.

निर्यातीत तर चांगला पैसा आहे ना?

आहे. २०२३-२४ मध्ये देशातून ३ लाख ४३ हजार टनांवर द्राक्षं गेली आणि त्यांची किंमत साधारण ३,४६० कोटी रुपये झाली. त्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा, आणि महाराष्ट्रात नाशिकचा. नेदरलँड्स, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, इंग्लंड, रशिया ही मोठी गिऱ्हाईकं.

पण मण्याचा आकार, रंग, साखर, रेसिड्यू या सगळ्या चाळणीतून गेलेला मालच जातो, उरलेला देशी बाजारात. त्यावर जगाच्या घडामोडी. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. दोन आठवड्यांच्या आसपास प्रवास वाढला, कंटेनरचं भाडं वाढलं, आणि पोहोचेपर्यंत माल शिळा दिसायला लागला. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवलं की इथे पिंपळगावच्या बाजारात त्याच आठवड्यात भाव हलतो. युरोपात आपल्या द्राक्षाला शुल्क लागत आलं, तर चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेचा माल त्यातून सुटत आला. पाच हजार मैलांवरच्या या गोष्टी निफाडच्या शेतकऱ्याच्या वहीत तोटा म्हणून उमटतात.

सांगली-सोलापूरकडे हीच परिस्थिती आहे का?

पावसाची आणि फसवणुकीची तीच. फरक बेदाण्याचा. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, सांगोला, पंढरपूर या कोरड्या हवेच्या पट्ट्यात बेदाण्याची शेड आहेत. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात, दोन-अडीच आठवड्यांत बेदाणा तयार होतो. शीतगृहात ठेवून वर्षभर विकता येतो, ही मोठी सोय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऐन हंगामात गाड्या थांबल्या, तेव्हा बेदाण्याने अनेकांना हात दिला. नाशिककडे अशी शेड कमी, त्यामुळे आमच्याकडच्यांनी माल मिळेल त्या भावाने घालवला.

तोही सोपा मार्ग नाही. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बेदाणा दीडशेने गेला तर द्राक्षाला किलोमागे साडेसदतीस पडले, आणि त्यातून शेडचं भाडं, औषध, मजुरी, निवडणी, शीतगृह, अडत जायची. सुकवताना एक पाऊस झाला तर बेदाणा काळा पडतो.

पावसात टिकणाऱ्या नव्या जाती का लावत नाहीत?

एके काळी नव्या जाती शेतकऱ्यांनीच शोधल्या. थॉमसन जातीच्या वेलीवर वेगळी दिसलेली काडी जपून तासगावात तास-ए-गणेश उभी राहिली. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्याची जात काढली, तिचं नाव सोनाका: सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरं. एवढी नजर आणि एवढा अभिमान या पिकात आहे. पण या बहुतेक जाती त्याच कुळातल्या, पाऊस आला की तडकणाऱ्या.

परदेशी नव्या जातींवर पैदासकाराचा हक्क असतो. कलम वाटेल तिथून आणून लावता येत नाही, स्वामित्वधन द्यावं लागतं, आणि लहान शेतकऱ्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीने आरा नावाच्या परदेशी जाती आणल्या, सभासदांनी लावल्या, हे महत्त्वाचं पाऊल. मांजरीच्या केंद्राच्याही स्वतःच्या जाती आहेत. वेग मात्र वाढायला हवा. जुनी बाग काढून नवी लावली की माल हातात यायला दीड-दोन वर्षं जातात, तेवढे दिवस घर कशावर चालवायचं?

मजूर मिळत नाहीत म्हणजे काय?

विरळणीचं काम आठ-दहा दिवसांत उरकावं लागतं, आणि ते सगळ्यांचं एकाच वेळी निघतं. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून टोळ्या येतात, एकरी उक्तं ठरतं. त्यातल्या बहुतेक बायका. दिवसभर हात डोक्याच्या वर, मान मागे, बारीक कात्रीने एकेक मणी काढायचा. संध्याकाळी त्यांच्या माना वळत नाहीत. मजुरी वाढली ही तक्रार आमच्या पारावर रोज होते. त्या कामाकडे बघून मला ती तक्रार कधी जोराने करता आली नाही.

लोक बागा खरंच तोडतायत का?

हो. नाशिकलाही आणि सांगलीलाही. वेल बुंध्यातून करवतीने कापतात, तारा गुंडाळतात, लोखंडी अँगल उपसून भंगाराच्या काट्यावर नेतात. वीस वर्षं जपलेली बाग दोन दिवसांत उघडी होते. त्या जागी कांदा, मका, ऊस, टोमॅटो येतो. काहींवर पीककर्जाशिवाय सोसायटीचं आणि औषध दुकानाचं कर्ज असतं. बाग गेली तरी ते राहतं.

वाइन द्राक्षाकडे वळता येईल का?

कंपनीचा लेखी करार असेल तरच. २००८-०९ च्या मंदीनंतर वायनरींनी खरेदी कमी केली आणि नाशिकमध्ये अनेकांना वाइनच्या बागा काढाव्या लागल्या. ती द्राक्षं बियांची, लहान मण्यांची. खायच्या बाजारात चालत नाहीत.

मी तरुण आहे, दोन एकर जमीन आहे. बाग लावू का?

पाण्याची खात्री आणि कर्जाशिवायचं थोडं भांडवल असेल तर एका एकरावर लावा, दुसऱ्या एकरात दुसरं पीक ठेवा. डॉगरिजसारख्या खुंटावर (मुळासाठी लावलेल्या काटक वेलीवर) कलम करा, आपल्याकडच्या खारवट पाण्यात-जमिनीत साधी वेल दमते. अनुभवी बागायतदाराच्या हाताखाली एक पूर्ण हंगाम काढा, पुस्तकातून ही शेती येत नाही. एखाद्या शेतकरी कंपनीचे सभासद होऊन मगच लागण करा, म्हणजे विकायच्या वेळी एकटे पडणार नाही. सगळंच कर्जाने करायचं असेल तर, मनापासून सांगतो, आत्ता थांबा.

बाग बघायला कधी यावं?

डिसेंबरात विरळणी चालू असते तेव्हा, किंवा फेब्रुवारीत काढणीला. सकाळी लवकर या, खुडणी ऊन चढायच्या आत उरकतात. फवारणीचा ब्लोअर फिरत असेल तर बांधावरच थांबा. आणि घडाला विचारल्याशिवाय हात लावू नका: बोट लागलं की मण्यावरची लव पुसली जाते आणि तो घड पेटीत बसत नाही.